चार ढेकळांचा क्वांटम सिद्धांत

विषयप्रवेश. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार १८ धान्ये, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, भजे, वडा, सांडोई, कुरडई. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले महाराज ढेकळांची ओल पाहून पावसाळ्याच्या चार महिन्यांचे भाकीत सांगतात. या घटाचा क्वांटम परिपथ किती खर्चात बसेल, हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नाही. म्हणूनच तो सोडवणे निकडीचे आहे.

प्रमेय. चारही ढेकळे ओली असतील तरच ‘साल’ नावाचा क्यूबिट (क्वांटम यंत्रातले माहितीचे एकक) उलटवायचा. एक जरी कोरडे निघाले तर त्याला हात लावायचा नाही. ढेकळे नियंत्रक, साल लक्ष्य: ही चार नियंत्रकांची क्रिया झाली. बहुतेक यंत्रांना मात्र एका दमात दोनच क्यूबिट झेपतात: एक नियंत्रक, एक लक्ष्य. या जोडक्रियेला सीनॉट म्हणतात. चुका तिथेच जास्त होतात, म्हणून खर्चही सीनॉटमध्येच मोजतात.

पूर्वसूरी. १९९५ साली बारेंको आणि इतर आठ जणांनी अशा क्रिया मोडून लहान करण्याची रीत घालून दिली. दोन नियंत्रकांच्या टोफोली क्रियेला सहा सीनॉट लागतात. त्याहून कमीत भागत नाही, हे २००९ मध्ये शेंडे आणि मार्कोव्ह यांनी सिद्ध केले. (शेंडे हे आडनाव पाहून वऱ्हाडाने लगेच हक्क सांगू नये.)

बांधणी. दोन जादा क्यूबिट घ्यावेत. एकात दोन ढेकळांचा निकाल, दुसऱ्यात उरलेल्या दोघांचा. दोन्ही निकालांवरून साल ठरवावे. मग उसनी भांडी घासून परत करावीत तसे दोन्ही क्यूबिट उलट क्रियेने शून्यावर आणावेत. एकूण पाच टोफोली, म्हणजे ३० सीनॉट. पण मार्गोलस नावाची स्वस्त टोफोली तीन सीनॉटमध्येच होते. ती एका स्थितीचे चिन्ह बिघडवते खरी, पण उलट क्रियेत तेच चिन्ह पुन्हा सरळ होते. तेव्हा चार स्वस्त आणि मधली एक अस्सल: ४ × ३ + ६ = १८.

धान्येही १८च! याला योगायोग म्हणणे शास्त्रीय. भुवई उंचावून गप्प बसणे विद्वत्तेचे.

आक्षेप. नियंत्रक शेवटी पाहायचेच असतील, तर आधी पाहून मग क्रिया केली तरी निकालांच्या शक्यता तसूभर बदलत नाहीत, असा स्थगित मापनाचा नियम आहे. पहाटे ढेकळे पाहणारच, तर परिपथ हवा कशाला? महाराजांचे डोळे पुरेत. सीनॉट शून्य.

निष्कर्ष. काटकसरीत भेंडवळ अजिंक्य आहे. मात्र परिपथ स्वस्त म्हणून उत्तर खरे ठरत नाही. शेतकरी बंधूंनी पेरणी आपल्या रानातली ओल पाहूनच करावी.