प्रोजेक्टाइलचे गणित सोडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

जालना जिल्ह्यातल्या अकरावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टाइल मोशनचे गणित हाती घेण्यापूर्वी आधी खिडकी लावून घ्यावी, कारण या गणिताला वारा सोसत नाही. ‘हवेचा विरोध नगण्य माना’ ही ओळ प्रश्नात असते. नसली तरी ती आहे असेच मानायचे असते. त्यानंतर जमीन सपाट करून घ्यावी, अंबडच्या मत्स्योदरीच्या टेकडीसकट. चेंडू हा बिंदू समजावा. त्याला शिवण नाही, फिरकी नाही, आकारही नाही. फेकणाऱ्या माणसाचा तर विचारच करू नये. उरले गुरुत्वत्वरण. ते पुस्तकात 9.8 असते, घाईच्या वेळी 10 होते. जालन्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर ते 9.79 च्या किंचित खाली भरते, पण ही गोष्ट क्लासमध्ये बोलू नये. सर रागावतात आणि उत्तरही जुळत नाही.

एवढी साफसफाई झाली की गणित सोपे आहे, आणि ते खरोखरच सुंदर आहे, हे विडंबन बाजूला ठेवून कबूल केले पाहिजे. समजा, ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसाने जमिनीपासून 3 मीटर उंचीवरून गोफण फिरवली आणि गुंडा सेकंदाला 28 मीटर वेगाने, 30 अंशांच्या कोनात सोडला. वेगाचे दोन तुकडे करावेत : आडवा सुमारे 24.2, उभा 14. आडव्याला उभ्याची खबर नसते आणि उभ्याला आडव्याची. आडवा तुकडा शेवटपर्यंत जसाच्या तसा चालतो. उभा वर जातो, थकतो, खाली येतो. g ला 10 धरले तर उभ्या हिशेबातून वर्गसमीकरण मिळते आणि वेळ निघते 3 सेकंद. त्याला आडव्या वेगाने गुणले की पल्ला साधारण 73 मीटर. पाखरे उडाली की नाही, हे विचारलेले नाही. आता खिडकी जरा किलकिली करून पाहावी. मुठीत मावेल अशा, 90 ग्रॅमच्या गोल दगडावर या वेगाला हवा जो अडसर आणते, तो दगडाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरतो. म्हणजे खऱ्या शेतात गुंडा दहाएक मीटर अलीकडे पडेल. पुस्तक चुकले, पण फार नाही. पाखरांना तेवढा फरक कळत नाही.

पुस्तकावरचा हाच विश्वास घेऊन विद्यार्थ्याने जालना जिल्ह्यातल्याच असईला मात्र जाऊ नये. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात तिथे दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजेची इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या तोफा इतक्या चोख चालवल्या गेल्या की जिंकूनही इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. त्या काळच्या तोफेचा चार किलोंचा लोखंडी गोळा सेकंदाला 450 मीटर वेगाने सुटला असे धरावे आणि पुस्तकातले सूत्र लावावे : 45 अंशांवर कमाल पल्ला, वेगाचा वर्ग भागिले g. उत्तर येते 20 किलोमीटरांहून जास्त. म्हणजे असईहून सुटलेला गोळा भोकरदन ओलांडून पुढच्या कुणाच्या तरी कपाशीत जाऊन पडायला हवा! प्रत्यक्षात अशा मैदानी तोफांचा मारा एक-दीड किलोमीटरच्या आतच कामाचा असे, आणि त्यांच्या गाड्यांवर नळी 45 अंशांपर्यंत उचलताच येत नसे. उचलली असती तरी गोळा तेवढा गेला नसता, कारण त्या वेगाला गोळ्यावरचा हवेचा विरोध गोळ्याच्या वजनाच्या वीस पटींहून अधिक होतो. इथे हवा नगण्य नाही, इथे नगण्य आहे ते गुरुत्वाकर्षण. (वेलस्लीने त्या दिवशी आणखी एक परीक्षाविरोधी कृत्य केले. नदीला उतार कुठे आहे ते वाटाड्यांना सांगता येईना. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असे त्याने ताडले. प्रश्नात न दिलेली माहिती अशी वापरल्यास गुण मिळत नाहीत.)

यावर कुणी म्हणेल, मग पुस्तक खोटे शिकवते. तसे नाही. गॅलिलिओने 1638 सालच्या ग्रंथात हा अन्वस्ताकार मार्ग मांडला तेव्हाच हवेची अडचण नोंदवून ठेवली होती. बंदुकी-तोफांच्या अचाट वेगाला हा हिशेब सरळ लागू पडणार नाही, हेही त्याने सांगितले. पुढे 1742 साली बेंजामिन रॉबिन्सने लोलकावर गोळ्या झाडून वेग मोजले आणि हवेचा विरोध किती प्रचंड असतो ते दाखवले. हवा वगळणे हे पाप नाहीच. ती वगळली नसती तर वेगाचे ते दोन तुकडे कुणाला दिसलेही नसते. पण गॅलिलिओने वगळताना अट घातली होती आणि आपण अट वगळून ‘वगळा’ एवढेच उचलले. काय टाकायचे हे ठरवणे हेच त्या गणितातले भौतिकशास्त्र, आणि नेमके तेच काम प्रश्नाच्या पहिल्या ओळीत आपल्या वतीने उरकलेले असते. मागे उरते ती आकडेमोड.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्नांना 90 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. एवढ्यात कुणी हवा तोलत बसायचे का? अजिबात बसू नये. परीक्षेत सूत्र लावावे, उत्तर टिचकवावे आणि पुढे सरकावे. चुकीला गुण कापत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र अकरावीचे अख्खे वर्ष म्हणजे 54 सेकंद नव्हेत. विरोध भागिले वजन एवढा एक भागाकार वर्षात दोन-तीनदा करून पाहिला, तर गोफण आणि तोफ यांतला फरक पोराला स्वतः कळेल. हा सल्ला या मार्गदर्शिकेच्या हेतूशी विसंगत असल्याने वाचकाने तो मनावर घेऊ नये.

शेवटची खबरदारी ऋण उत्तराची. माळ्यावरच्या गणितात वर्गसमीकरणाची उत्तरे दोन येतात : 3 सेकंद आणि उणे 0.2 सेकंद. वेळ उणे नसते, म्हणून दुसऱ्यावर काट मारावी, असे शिकवतात. काट जरूर मारावी, पण पेन जरा हळू चालवावे. तो आकडा सांगतो की माळ्याच्या मागे सुमारे 4.8 मीटरांवर उभ्या राहिलेल्या कुणी 0.2 सेकंद आधी जमिनीवरून तोच दगड योग्य वेगाने, योग्य कोनात भिरकावला असता, तर तो माळ्याशी नेमका याच वेगाने, याच दिशेने आला असता आणि पुढे त्याच ठिकाणी पडला असता. समीकरणाला राखणदार ठाऊकच नाही. त्याला फक्त वाट ठाऊक आहे, मागचीही आणि पुढचीही. काट मारून झाली की पल्ल्याच्या उत्तरापुढे ‘मीटर’ लिहायला विसरू नये; त्याचा अर्धा गुण जातो.