टाकीकाका

मुलुंड असो की बोरिवली, जरा जुनी सोसायटी म्हटली की तिच्यात एक टाकीकाका असतोच. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं. चेअरमन बदलतात, सेक्रेटरी भांडून राजीनामा देतात; टाकीच्या कुलपाची किल्ली मात्र वर्षानुवर्षं काकांच्या कमरेला. झोपतानाही ती तिथेच असते म्हणे. काकूंनी या वृत्ताला दुजोरा दिला आहे.

वर्षातून दोनदा लिफ्टशेजारच्या बोर्डावर काकांच्या वळणदार अक्षरात नोटीस लागते: ‘रविवारी सकाळी ९ वाजता टाक्या साफ होणार. पाणी भरून ठेवणे. नंतर तक्रार चालणार नाही.’ शनिवारी रात्री घरोघरी बादल्या, पिंपं, पातेली, झालंच तर प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवतात. लोकांना वाटतं, आपण हुशार. खरं तर टाकी फुकट न ओतता रिकामी करून घ्यायचा हा काकांचा डाव असतो.

पालिकेच्या पाण्याला नावं ठेवायची सोय नाही. काका लगेच विहार तलावाच्या १८६० पासून सुरुवात करतात, तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) करत वैतरणेपर्यंत पोचतात आणि मग आवाज चढवतात, ‘‘तिकडून डोंगर ओलांडून पाणी येतं, भांडुपला नाहीतर पांजरापूरला गाळलं जातं, क्लोरीन घेतं. गेटपर्यंत स्वच्छ असतं हो! घाण होतं ते गेटच्या आत.’’ ऐकणारा तोवर लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

रविवारी टाक्या साफ करणारी पोरं येतात. जमिनीखालच्या टाकीत कुणी थेट उतरायला लागला की काका त्याची कॉलर धरतात. आधी दोन्ही झाकणं उघडी, तोंडाशी टेबलफॅन लावून आत वारा, अर्धा तास थांबायचं. मग कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक धरून एक माणूस वर. बंद टाकीत गुदमरून माणसं जातात, तेव्हा इथे काकांची थट्टा कुणी करत नाही. फॅन त्यांच्याच हॉलमधला असतो, त्यामुळे काकू सकाळपासून घुश्शात असतात, तो भाग वेगळा.

एकदा माणूस आत उतरला की काका तोंडाशी पालथे. चष्म्याला दोरी, कारण आधीचा चष्मा टाकीने गिळलाय. हातात बॅटरी. ‘‘वो कोपरा राह्यला! कोपरे में ब्रश मार, मेरेको सब दिखता है!’’ आतून फक्त ‘‘हां अंकल’’ घुमत येतं. ब्लीचिंग पावडर मुठीने टाकणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. हजार लिटरला दीडशे ग्रॅम, तीही स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून, आणि ते पाणी नंतर ओतून द्यायचं. काटाही काकूंचाच.

तळाचा गाळ निघाला की काकांचा चेहरा उजळतो. गंजाचे पोपडे, कबुतराचं पीस, बारीक वाळू, हे सगळं एका बाटलीत जातं. वार्षिक सभेत ताळेबंदाआधी ती बाटली हातोहात फिरते. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बोटभर उघडं सापडलं, तर सभेला मलेरियाचं व्याख्यानही मिळतं. ॲनॉफिलीस स्टीफेन्सी या डासाला अशाच टाक्या आवडतात. काका त्याचं नाव जावयाचं घ्यावं तसं पूर्ण घेतात.

परवाच्या रविवारी मात्र आक्रीत घडलं. पोरं नऊच्या ठोक्याला हजर. सव्वानऊला काकांचा मोबाईल वाजला. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ होते.

‘‘काका, डोक्याला शाम्पू लावलाय आणि नळाला पाणी नाही!’’

‘‘नोटीस वाचली नव्हतीत?’’

‘‘वाचली हो. पण तुमचे नऊ अकराच्या आत कधी वाजलेत?’’