न्हाणीघरातील प्रकाशयोजना

ज्या न्हाणीघरात आमच्या वाडवडिलांनी चुलवणाच्या जाळाचा पडेल तेवढ्याच उजेडात अभ्यंगस्नाने उरकली, आणि पुढे जेथे घरातील सर्वांत मंद, बहुधा जिन्यावरून उतरविलेल्या दिव्याची बदली करण्याचा शिरस्ता पडला, त्या खोलीसाठी २७०० केल्व्हिनची पीतप्रभा घ्यावी की ६५०० केल्व्हिनची शुभ्र, यावर हल्ली कुटुंबाच्या सभा भरतात. दुकानदार अर्थातच शुभ्राची शिफारस करतो. त्या प्रकाशात फरशी निष्कलंक आणि गृहस्थ मात्र रुग्णालयातून नुकताच सुटल्यासारखा दिसतो. (४००० चा मध्यममार्ग सुचविणारास दोन्ही पक्ष फितूर समजतात.) दिवा छताच्या मधोमध लावला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली छाया पडते, म्हणून तो आरशाच्या दोन्ही बाजूंस, मुखाच्या उंचीवर असावा, हे साधे प्रकाशशास्त्र; परंतु त्या जागी टूथब्रशांची आणि तेलाच्या बाटल्यांची वहिवाट फार जुनी असल्याने दिव्याचा दावा तेथे टिकत नाही. एवढ्या खलबतांत, पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव करणारा ‘आयपी ४४’ हा दर्जा दिव्यास आहे की नाही, याची चौकशी मात्र कोणीच करीत नाही. रंगाचा निवाडा सवडीने होऊ द्यावा. खोक्यावरील तो आकडा तेवढा आधी पाहून घ्यावा.