पातं चालू असताना हिशोब नको

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या एका मुलाच्या मोबाइलमध्ये ४१ व्हिडिओ पडून आहेत. शूट झालेले, एडिट झालेले, आवाजासकट तयार. चॅनलवर फक्त सहा. जीन्सबद्दल हा मुलगा फार छान बोलतो. पँट उलटी करून शिलाई कशी तपासायची, पहिल्या धुण्यात कापड किती आटतं, तकलादू चेन कशी ओळखायची. चार गिऱ्हाइकांचे पैसे वाचतील अशी माहिती आहे आणि ती खिशात कुजते आहे.

‘‘टाकत का नाहीस?’’

‘‘काका, सुरुवातीचे तीन सेकंद जमले नाहीत.’’

दुसऱ्यात थंबनेल नीट नव्हतं. तिसरा संध्याकाळी सहाला टाकायचा की रात्री नऊला, हे ठरेना. चौथ्यात तो मराठीत बोलला होता, मग वाटलं हिंदीत बोलायला हवं होतं. हिंदीत बोलला, तर वाटलं सिंधी शेजारी काय म्हणतील. तो याला क्वालिटी म्हणतो. मी स्पष्ट सांगतो, ही भीती आहे. मनाला भुंगा लागला की तो लाकूड पोखरतो, फर्निचर बनवत नाही.

या मुलाचे वडील कटिंग मास्टर आहेत. त्यांचं टेबल एकदा उभं राहून बघा. डेनिमचा ताका उलगडतो, थरावर थर चढतात, कडा जुळवल्या जातात. वरच्या कागदावर २८, ३०, ३२ची मापं अशी बसवायची की कापडाची चिंधी कमीत कमी निघावी. या कामात मास्टर अर्धा अर्धा तास घालवतात. खडूची रेघ पुसतात, पुन्हा मारतात. पण एकदा मशीनचं पातं थरात शिरलं की ते बोलत नाहीत. फोन वाजू दे, मालक येऊ दे. डावा तळवा कापडावर, नजर रेघेवर. कापून झालं की गठ्ठे मोजायचे आणि चूक झाली असेल तर पुढच्या ताक्याला सुधारायची.

सगळं शिक्षण या टेबलावर आहे. रेघ मारतानाचा विचार म्हणजे तयारी. गठ्ठे मोजतानाचा विचार म्हणजे शिकणं. पातं चालू असतानाचा विचार म्हणजे कापड वाया. मुलगा नेमका तिसऱ्या वेळी विचार करतो. कॅमेरा सुरू असतो आणि डोक्यात व्ह्यूज चालू असतात.

फोनही त्याला सोडत नाही. व्हिडिओ टाकल्या टाकल्या यूट्यूब त्याची आधीच्या व्हिडिओंशी तुलना करायला लागतं. तासाभरात निकाल! ग्लोरिया मार्क या संशोधिका माणसांचं स्क्रीनवरचं लक्ष वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडे तो आकडा ४७ सेकंदांवर आला. म्हणजे मुलाने पहिलं वाक्य बोलून फोन एकदा चाळला की दुसऱ्या वाक्याचा धागा तुटलाच. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला लांब व्हिडिओंसाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. ४१ व्हिडिओ खिशात ठेवून ते चार हजार तास कुठून येणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं उदाहरण घ्या. ‘आपली आजी’ हे त्यांचं चॅनल नातवामुळे सुरू झालं आणि २०२० मध्ये घराघरांत पोचलं. सत्तरीच्या आसपासची बाई, यूट्यूब तिच्या गावीही नव्हतं. कॅमेरा, एडिटिंग, आकडे नातवाकडे आणि चूल आजीकडे. फोडणी टाकताना आजीचं लक्ष मोहरीवर, म्हणून बघणाऱ्याचंही मोहरीवर. तुम्ही एकटे असाल तर आजी आणि नातू दोन्ही तुम्हीच व्हा, पण एकाच वेळी नाही.

आमच्या गावाला तर हा धडा नवा नाही. लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात बॅरेक नंबर आजही लिहितात. त्या बराकींत बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी ते विकले. पहिला पापड वाकडा झाला म्हणून कुणी पोळपाट उचलून ठेवला नाही. ठेवणं परवडणारच नव्हतं.

म्हणून मुलाला आठवडा आखून दिला. सोमवारी विषय ठरव, कागदावर पाच ओळी लिही. मंगळवारी शूट कर, फोन फ्लाइट मोडवर. बुधवारी एडिट, दोन तास, घड्याळ लावून. गुरुवारी संध्याकाळी टाक आणि ॲप बंद कर. आकडे रविवारी बघ, एकदाच, वही घेऊन. कुठल्या मिनिटाला माणसं उठून गेली ते लिही. पुढच्या सोमवारी तेवढंच सुधार.

‘‘आणि नाही चालला तर?’’ त्याने विचारलं.

वडिलांनी टेबलावरूनच उत्तर दिलं, ‘‘ताका संपलाय का?’’

मी त्याला एवढंच म्हटलं, चेनचा व्हिडिओ आधी टाक. दिवाळीला मला घरच्यांसाठी तीन जीन्स घ्यायच्या आहेत आणि चेन कशी पारखायची ते मला माहीत नाही. तू सुरुवातीच्या तीन सेकंदांत कसा दिसतोस, हे मी बघणार नाही. मी चेन बघणार आहे.