पिवळं ते सोनं

जेजुरीला जावं तर सोमवतीला. एरवी गड दगडाचा दिसतो, दीपमाळा दीपमाळांसारख्या दिसतात आणि माणसाला नाइलाजाने देवाकडे पाहावं लागतं. सोमवती अमावास्येला ती अडचण नाही. पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला निघते, येळकोटाचा गजर होतो, वरून भंडाऱ्याची पोती रिकामी होतात आणि मग बराच वेळ कुणालाच काही दिसत नाही. हे काही न दिसणं पाहायला हल्ली पुण्यामुंबईची सुशिक्षित मंडळी पहाटेपासून येतात. आपल्या राज्यात धर्माची आवड वाढते आहे याचा यापेक्षा सुंदर पुरावा कोणता?

या मंडळींना काही लोक नावं ठेवतात. म्हणे, त्यांना तळी कशी उचलतात ते ठाऊक नसतं, म्हाळसा कोण आणि बाणाई कोण हे सांगता येत नाही, कडेपठारला तर कुणी जातच नाही. हा आरोप अन्यायाचा आहे. माहितीने फोटो बिघडतो. समोरच्या माणसाच्या कपाळाला भंडारा का, हे एकदा कळलं की बटण दाबायला उशीर होतो, आणि तेवढ्यात ऊन सरकतं.

मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. घोंगडी खांद्यावर, पटका बांधलेले एक धनगर आजोबा कमानीपाशी थांबले, पिशवीत हात घातला आणि डोळे मिटून त्यांनी मूठभर भंडारा वर फेकला. चौथऱ्यावरून एक तरुण अदबीने म्हणाला, “बाबा, परत एकदा. आणि डोळे उघडे ठेवा ना, प्लीज.” आजोबांनी पुन्हा फेकला. “अजून एकदाच, थोडं डावीकडे.” आजोबा डावीकडे सरकले. देवाला एक मूठ पुरली होती, कॅमेऱ्याला तीन लागल्या. तिसऱ्या मुठीनंतर त्यांनी पिशवी उलटी करून झटकली आणि पायऱ्या चढू लागले. वर देवापुढे त्यांनी काय वाहिलं ते मी पाहिलं नाही. तिकडे उजेड बरा नव्हता.

आता मुख्य विषयाकडे येतो, म्हणजे भंडाऱ्याकडे.

भंडारा म्हणजे हळद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पायथ्याशी एका दुकानात मीही त्याच जुन्या समजुतीने विचारलं, “मामा, ही हळदच ना?” दुकानदाराने मान वर न करता उलट विचारलं, “खायची का उधळायची?”

इतका सरळ प्रश्न मला आजवर एकाही किराणा दुकानात कुणी विचारलेला नाही. त्याच्याकडे दोन्ही होत्या. खायची मागे डब्यात, उधळायची पुढे पोत्यात. मी फरक विचारला. तो म्हणाला, “खायची महाग पडती साहेब. अन् फोटोत मातकट येती.”

मला हे पटलं. हळद हा मुळातच सोयीचा पदार्थ नाही. आठ-नऊ महिने शेतात काढायचे, मग कंद काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा, दळा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती महिनोन्‌महिने जपून ठेवत. एवढं करून रंग कसा, तर शांत. आणि कपड्याला लागली तर चार दिवसांच्या उन्हात डाग फिका पडतो. ज्या रंगाला ऊन सोसत नाही, तो मल्हारी मार्तंडाच्या, म्हणजे साक्षात सूर्याशी नातं सांगणाऱ्या देवाच्या दारी काय कामाचा?

उधळायच्या पुडीत यातला एकही दोष नाही. पांढरं पीठ म्हणा, पावडर म्हणा, त्यात कारखान्याचा पिवळा रंग. ती हलकी असते, वाऱ्यावर झकास तरंगते, कॅमेऱ्यात सोन्यासारखी येते आणि पोत्याने घेतली तरी खिशाला जाणवत नाही. सोन्याची जेजुरी ही पूर्वी नुसती म्हणायची गोष्ट होती. ती गरिबाच्या आवाक्यात आणली कुणी? या पुडीनेच.

पाकिटावर बारीक अक्षरांत ‘फक्त पूजेसाठी’ असं छापलेलं होतं. या दोन शब्दांमागची सभ्यता लक्षात घ्या. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, आणि तो माणसाच्या खाण्यापुरता. मेटॅनिल यलोसारखा रंग हळदीत घालून विकला तर गुन्हा आहे, कारण ती माणूस खातो. देव खात नाही, त्यामुळे देवाच्या बाबतीत असा काही प्रश्न उद्भवत नाही. माणसाला शुद्ध आणि देवाला चालेल ते, ही वाटणी आपण कुठल्याही वादाशिवाय केली, याचं मला नागरिक म्हणून कौतुक वाटतं. राहता राहिले ते भाविक, जे अजून कपाळाला लावून झाल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि लेकराच्याही तोंडात घालतात. जुनी खोड आहे. दोन-चार यात्रांत सुटेल. डोळ्यांची आग होते, अंगाला खाज सुटते, अशी तक्रारही कानावर येते. पण खंडोबा कडक देव आहे, त्याची प्रचिती कुठून तरी यायचीच.

या पुडीचा एक उपकार मात्र कुणी बोलून दाखवत नाही. मराठेशाहीत बेलभंडार उचलून शपथ घेत. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायला भलेभले कचरत. ही चाल गावोगाव अजून आहे, निवडणुकीच्या आदल्या रात्री तर फार. पाकीट एका हातात, भंडारा दुसऱ्या हातात. हळद अस्सल असताना बिचारा मतदार अडकत असे. आता भंडाराच भंडारा नसल्यावर शपथ कशाची? पाकीट खरं, भंडारा खोटा, म्हणजे मत मोकळं. निवडणूक सुधारणांवर एवढे अहवाल निघाले, त्यांना जे जमलं नाही ते एका पुडीने केलं.

आपल्याच एका कवीला, अरुण कोलटकरांना, हे वैभव पाहायला मिळालं नाही याची हळहळ वाटते. त्यांचं इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ चं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कारही मिळाला. पण त्यांची नजर मोडक्या दारावर, रेल्वे स्टेशनावर. पिवळं म्हणून त्यांना काय दिसावं, तर एक फुलपाखरू! आजचा कुणीही मुलगा ड्रोन उडवून त्यांच्यापेक्षा जास्त पिवळं दाखवेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझा पांढरा सदरा त्या दिवशी धन्य झाला. तीनदा धुतला, आठ दिवस उन्हात टाकला. रंग जागचा हलला नाही. एवढी निष्ठा मी भक्तांतही पाहिलेली नाही.

आईसाठी भंडाऱ्याचं एक पाकीट आणलं होतं. उधळायचंच, फोटोत छान येतं म्हणून. तिने ते उघडलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला आणि काही न बोलता बाजूला ठेवलं. रविवारी तळी भरताना तिने मिसळणाच्या डब्यातली हळद घेतली. माझं पाकीट मात्र वाया घालवलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मुंग्या झाल्या होत्या, तिथे तिने त्याची जाड रेघ ओढली. हळदीच्या रेघेला मुंग्या वळसा घालतात, हे तिचं आयुष्यभराचं शास्त्र.

मुंग्या रेघेपाशी आल्या, क्षणभर थांबल्या आणि सरळ तिच्यावरून चालू लागल्या. सोनेरी रेघ, तिच्यावरून जाणारी काळी रांग, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. मी मोबाइल शोधून आणेपर्यंत त्या साखरेच्या डब्यापाशी पोचल्या होत्या.