जे आधी होईल ते

जुन्या गाडीचा सौदा पक्का होईपर्यंत ती गाडी निर्दोष असते. एकाच मालकाची, मालक डॉक्टर, गाडी घर ते दवाखाना एवढीच चाललेली, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर. (गाड्या विकायला काढलेले डॉक्टर महाराष्ट्रात नेमके किती आहेत, याची एकदा मोजदाद व्हायला हवी.) मग आपण टोकन देतो, आणि तोच विक्रेता, त्याच खुर्चीत बसून, आवाज जरा खाली आणत म्हणतो, "सर, गाडी म्हणजे शेवटी मशीन. कधी काय निघेल सांगता येत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका."

या दोन विधानांच्या मध्ये फक्त एक कप चहा झालेला असतो. तेवढ्यात गाडीला असं काय होतं, कोण जाणे.

आम्ही पसंत केलेली गाडी २०१८ ची, पेट्रोलवर चालणारी, एमएच-१२, मीटरवर ४२ हजार किलोमीटर, आणि एएमटी. एएमटीत क्लच असतोच, फक्त तो आपल्या पायाखाली नसतो. साध्याच गिअरबॉक्सवर अ‍ॅक्च्युएटर नावाची एक यंत्रणा बसवलेली असते, ती आपल्या वतीने क्लच दाबते आणि गिअर टाकते. ती बिघडली की खर्च मोठा, आणि विक्रेत्याला हे चांगलं ठाऊक असतं. "आता समजा, अ‍ॅक्च्युएटरच गेला..." एवढं बोलून आमच्या विक्रेत्याने नुसती मान हलवली. आकडा सांगितला नाही. आकडा सांगितला असता तर मी घासाघीस केली असती. मान हलवण्यावर काय घासाघीस करणार?

वॉरंटीचे १४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १६,५२०. मुदत एक वर्ष किंवा १५ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते.

मी नियमांची पुस्तिका मागितली. त्याने तीन कपाटं उघडली, दोन फोन केले आणि शेवटी छापील प्रत हातात देताना म्हणाला, "सर, ही कुणी वाचत नाही." त्या दुपारी त्या शोरूममध्ये बोललं गेलेलं हे सर्वात खरं वाक्य.

रात्री जेवणं झाल्यावर मी ती वाचायला घेतली. 'काय समाविष्ट आहे' हे अर्ध्या पानात, ठसठशीत अक्षरांत होतं. 'काय समाविष्ट नाही' याला चार पानं, आणि अक्षर असं की बायकोने मोबाईलचा टॉर्च धरला. टायर नाही. बॅटरी नाही. बल्ब, वायपर, ब्रेक पॅड, सगळे बेल्ट, सगळे पाइप, रबराचे सगळे बुश नाहीत. ऑइल, कूलंट, फिल्टर नाहीत. क्लच प्लेट नाही. क्लच दाबणारा समाविष्ट, पण दाबला जाणारा क्लच वगळलेला! साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि इंजिनात पाणी गेलं, तर नाही. टेम्परेचरचा दिवा लागलेला असताना 'आता घर आलंच' म्हणून पुढे गेलात, तर मुळीच नाही. उंदरांनी वायरी कुरतडल्या तरी नाही. हे वाचून बायको म्हणाली, "म्हणजे बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवायची ती आपल्यालाच." आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांच्या बॉनेटमध्ये ही पुडी आहे. उंदीर पळतात की त्यांना व्यसन लागतं, यावर अजून एकमत नाही.

एक कलम भेसळीच्या इंधनाचं होतं. दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला फोन केला. म्हटलं, पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २०१८ ची गाडी काही त्यासाठी बनवलेली नाही. मग हे तुमच्या भेसळीत धरायचं का? तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही शिक्षक आहात का?"

पण सगळ्यात सुंदर कलम शेवटच्या पानावर होतं. बिघाड वॉरंटीत बसतो की नाही, हे ठरवण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडावा लागतो. उघडून पाहिल्यावर बसत नाही असं ठरलं, तर उघडण्याची मजुरीही ग्राहकाची.

सल्ला देणारे अर्थातच आपोआप जमले. मेव्हण्याने त्याच्या गाडीला अशीच वॉरंटी घेतली होती, त्यामुळे मीही घ्यावी असा त्याचा आग्रह होता. शेजारचे काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, ते म्हणाले, "अरे, विमा आहे ना? मग पुन्हा वॉरंटी कशाला?" इथे मला प्रथमच काही शिकवायची संधी मिळाली. गाडी धडकली, चोरीला गेली, तर ते विम्याचं खातं. गाडी उभ्या उभ्या आपल्याच कर्माने आतून बिघडली, तर ते वॉरंटीचं. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तर आपण दुसऱ्याचं जे नुकसान करू त्याचा आहे, आपल्या गाडीचा नाहीच. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोळा हजारांची एफडी कर."

सासरेबुवा फक्त एवढंच म्हणाले, "जावईबापू, आम्ही एसटीने येत जाऊ." खरं सांगायचं तर माझी भीती अ‍ॅक्च्युएटरची नव्हतीच. खंबाटकी घाटात गाडी बंद पडलेली आहे, मागच्या सीटवर सासरेबुवा आहेत आणि ते काहीही बोलत नाहीयेत, हे मला दिसत होतं. हा धोका कुठल्याही पुस्तिकेत समाविष्ट नाही.

शेवटी आमच्या गॅरेजवाल्यांना घेऊन गाडी पुन्हा बघायला गेलो. हे गृहस्थ गाडीकडे बघतच नाहीत, तिचा वास घेतात. आधी कार्पेट वर करून वास. मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटच्या टोकापर्यंत, आणि त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावरून बोट फिरवून बोट उजेडात धरलं. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी तिथे गाळाचा डाग राहतो, म्हणाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि सप्टेंबरात आपल्या पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आल्यानंतर त्यांना ही सवय लागली आहे. मग सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे जुळतात का पाहिलं. एखादी काच वेगळ्या सालची निघाली तर ती बदललेली. ब्रेक पेडलचं रबर बघितलं: ते गुळगुळीत आणि मीटर ४० हजारांवर, असं असेल तर मीटर मागे फिरवलेला. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि धूर येतो का पाहिलं. मग हात पुसत निकाल दिला, "गाडी चांगली आहे साहेब. वॉरंटी नका घेऊ. जे मोडतं ते त्यात नसतं, आणि जे त्यात असतं ते मोडत नाही."

वाक्य झकास आहे, पण पूर्ण खरं नाही. अ‍ॅक्च्युएटर त्यात होता आणि तो मोडतो. शिवाय वॉरंटी घेतली की गाडी त्यांच्या ठरावीक वर्कशॉपलाच न्यावी लागते, म्हणजे आमच्या गॅरेजवाल्यांचं एक गिऱ्हाईक कमी. विक्रेत्याला कमिशन, मेव्हण्याला सोबत, काकांना एफडी. प्रत्येकाचा सल्ला नि:स्वार्थ होता, आपापल्या बाजूने.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत पाठवला होता. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या खराब धरून भाव पाडतो आणि चांगल्या गाडीवाला बाजाराकडे फिरकेनासा होतो, हे त्याचं म्हणणं. पुण्याच्या जुन्या बाजारात एक रविवार काढला असता तर हा निबंध आणखी आधी लिहून झाला असता. असो. २००१ साली त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. बाजाराच्या या दुखण्यावर त्याने सांगितलेल्या उपायांत हमी हा एक उपाय आहे. विकणारा हमी देतो तेव्हा धोका त्याच्या अंगावर येतो, म्हणून घेणाऱ्याला मालाचा भरवसा वाटतो.

गोम इथे होती. आमच्या विक्रेत्याने धोका अंगावर घेतलाच नव्हता. तो तिसऱ्याच एका कंपनीने घेतला होता, माझ्या पैशांनी, चार पानं वगळून. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वाढीव वॉरंटी असती तर गोष्ट निराळी. पण ती सहसा मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, आणि आमच्या गाडीचे ते दिवस केव्हाच सरले होते. (आधीच्या मालकाने घेतलेली असेल तर बहुतेक कंपन्यांची ती गाडीबरोबर येते. तेवढी नावावर करून घ्या, आरसी बुकाच्या नादात विसरू नका.)

मग मी विक्रेत्यासमोर बसून म्हटलं, "वॉरंटी विकत घेत नाही. पण गाडी डॉक्टरांची आहे, निर्दोष आहे, असं तुम्हीच म्हणालात. तर इंजिन आणि गिअरबॉक्सची सहा महिन्यांची हमी तुम्ही स्वतः लिहून द्या." त्याचा चहा थंड झाला. त्याने आत जाऊन कुणालातरी विचारलं, बाहेर येऊन गाडीकडे एक नजर टाकली, आणि तीन महिन्यांवर तयार झाला. अ‍ॅक्च्युएटरसकट, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, फुकट.

वाचलेले १६,५२० रुपये बायकोने स्वतःच्या खात्यात वेगळे काढून ठेवले. माझ्या खात्यात ते वर्षभर टिकण्याची हमी तिला कुणीच देईना. त्यातून आजवर एक बॅटरी आणि वायपरची एक जोडी आली. दोन्ही त्या चार पानांतल्याच. तेव्हा तुम्ही जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर टोकन खिशातून काढायच्या आधी विक्रेत्याकडून हमी लिहून मागा. टोकन दिल्यावर मागितलीत, तर तुम्हाला पुस्तिका मिळेल.