वर झपाट्यानं, खाली सावकाश

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. १५ ऑगस्टला सकाळी सव्वासातला पांढरा सदरा घालून, खिशात मोजपट्टी टाकून खाली हजर होतात, ते. आमच्याकडे त्यांना झेंडेकाका म्हणतात. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय.

त्या मोजपट्टीनं आमचे तीन सेक्रेटरी खाल्ले. झेंड्याची लांबी-रुंदी तिनास दोन हवी. एका वर्षी सेक्रेटरींनी आदल्या रात्री सिग्नलवरून घाईघाईत उचललेला झेंडा जवळजवळ चौकोनी निघाला. ‘‘हा रुमाल आहे,’’ असा निकाल देऊन काका घरी गेले आणि नांदेडहून मागवलेला स्वतःचा खादीचा झेंडा घेऊन आले. अशोकचक्राच्या आऱ्या तर ते लांबूनच मोजतात. बालवाडीतल्या एका पोराच्या छातीवरच्या बिल्ल्यात बावीसच भरल्या, तर पोराला स्टुलावर उभं करून निळ्या पेनानं दोन वाढवून दिल्या. समारंभानंतर कमिटीनं तिरंगा सँडविच वाटली, तेव्हा प्रत्येकानं खाण्याआधी गाजर वर आणि पुदिन्याची चटणी खाली आहे ना, हे बघून घ्यावं, अशी सूचना माईकवरून झाली.

हेही सोसलं असतं. सोसत नाही ते त्यांचं पालुपद : ‘‘वर झपाट्यानं, खाली सावकाश.’’

२००२च्या ध्वजसंहितेत तसं आहे, कबूल. झेंडा चढवावा चपळाईनं, उतरवावा संथपणे, मानानं. पण ते झेंड्यापुरतं राहावं की नाही? आमची लिफ्ट नेमकी उलट चालते, म्हणून काकांनी लिफ्टवाल्या कंपनीला पत्र धाडलं. पेट्रोलचे भाव मात्र संहिता कोळून प्यायल्यासारखे वागतात, असं त्यांचं मत आहे. एकदा चेअरमननी एका हातानं दोरी ओढत दुसऱ्या हातानं सेल्फी काढायला घेतला. झेंडा अर्ध्यावर थांबला. शांततेत मागून काकांचा आवाज आला, ‘‘अहो, कोण गेलं?’’

२६ जानेवारीला ते जरा उदासच असतात. त्या दिवशी झेंडा आधीच वर बांधलेला, नुसता उलगडायचा. ‘झपाट्यानं’ला वावच नाही. गाठ सुटली नाही, तर तेवढीच काय ती रंगत.

काकांचा खरा सोहळा संध्याकाळचा. सकाळची गर्दी जिलबी खाऊन पांगलेली, खाली एक वॉचमन आणि दोन कुत्री. काका सूर्यास्ताला दोरी सोडायला लागतात ती अशी, की खालच्या मजल्यावरच्यांचा चहा होऊन, पिऊन, कप विसळून होतो. मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घेऊन, चक्र वर दिसेल अशी घडी. ती दोन्ही तळव्यांवर घेऊन लिफ्ट न वापरता दुसरा मजला.

जुलै २०२२मध्ये नियम बदलला. तुमच्या-आमच्यासारख्यांनाही झेंडा दिवसरात्र फडकत ठेवायची मुभा मिळाली. सेक्रेटरींनी तो आदेश ग्रुपवर टाकला, खाली तीन झेंड्यांच्या इमोजी. जन्मभर लोकांना नियम दाखवणाऱ्या माणसाला कुणीतरी नियम दाखवला होता. दोन दिवस काका खाली उतरले नाहीत. (खोटं कशाला सांगू, आम्हाला बरं वाटलं.) तिसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचं उत्तर आलं : ‘‘मुभा आहे, सक्ती नाही.’’ त्या १५ ऑगस्टलाही सूर्यास्ताला दोरीपाशी तेच.

‘‘काका, आता गरज काय?’’ मी विचारलं.

‘‘चढवायला शंभर जण असतात रे,’’ ते म्हणाले. ‘‘उतरवायला कुणीतरी नको?’’ आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, ‘‘चप्पल काढ. दोरीवर पाय देतोयस.’’

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदलला. दोरी माझ्याकडे आली आणि काका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. माझ्याकडे नेमके सासरचे पाहुणे यायचे होते, म्हणून मी चार झटक्यांत झेंडा खाली घेतला.

‘‘पुन्हा वर!’’ गॅलरीतून आवाज आला.

मी मुकाट्यानं वर न्यायला लागलो.

‘‘झपाट्यानं!’’

नेला झपाट्यानं. मग उतरवायला घेतला. काका एक शब्द बोलत नव्हते. मीही दोरीकडे बघायचं सोडून झेंड्याकडे बघत राहिलो. किती वेळ गेला, कळलं नाही. घडी घालून, तळव्यांवर घेऊन वळलो, तर फाटकाशी सासरे, सासूबाई आणि मेहुणा, मिठाईचा पुडा हातात, ओळीनं ताठ उभे. काकांनी वरूनच त्यांना सावधान करून ठेवलं होतं.